पिवळा ठिपका, वय वर्षे दहा

पाणी नवव्या दिवशी आलं, चाळीस मिनिटं.

निळे ठिपके पुरुषांचे, गुलाबी बायकांचे, पिवळे मुलांचे.

बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या मेंढराच्या तोंडाला गोडसर वास येतो.

दावं सैल बांधलं व्हतं, असं खंडेराव म्हणाला. दोनदा म्हणाला.

लाटा दर तासाला सुटतील. भोंगा वाजताच लहान मुलांचा हात धरावा.

तीनशे बारा मोती.

"हा मुंजाबा कोण आहे गं?"

शेवटचं वाक्य डोक्यातलं नव्हतं. ते प्रांजली मॅडम अंबिकाच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, गुरुवारी संध्याकाळी, पार्क बंद व्हायच्या वेळी. त्यांच्या हातात कॉफीचा कागदी कप होता आणि त्या कपाच्याच हाताने त्यांनी पडद्यावरच्या यादीकडे बोट केलं. "बघ ना. तीन आठवडे सलग पहिल्या दहात. परवा पहिला, काल पहिला, आज पण पहिला. वय दहा. दहा वर्षांच्या पोराचं नाव मुंजाबा? आजकाल कोण ठेवतं?"

"गावाकडचा असेल, मॅडम."

"किती गोड! रविवारी स्टेजवर घेऊ त्याला. शिंपल्यांचा मुकुट, सायकल, फोटो. आईवडिलांचा नंबर काढून ठेव."

"ठेवते," अंबिका म्हणाली. पालकांच्या रकान्यात तिचाच नंबर होता.

वरच्या खोलीतला एसी इतका थंड असायचा की मे महिन्यातही ती शाल घेऊन बसायची. समोर भिंतभर पडदा आणि पडद्यावर सागरलहर पार्कचा नकाशा: लाटांचं तळं, घसरगुंड्या, संथ नदी, खाऊगल्ली, आणि बारा बेटं. बेट म्हणजे कमरेइतका एक खांब, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकचा शिंपला. फाटकात प्रत्येकाच्या मनगटाला रबरी पट्टा बांधत, आणि तो पट्टा शिंपल्याला टेकवला की टिंग वाजून एक मोती जमा व्हायचा. दिवसात सगळ्यांत जास्त मोती वेचणाऱ्या दहा जणांची नावं फाटकाजवळच्या फलकावर झळकायची: आजचे दर्यावर्दी. ज्या शहरात नळाला नवव्या दिवशी पाणी येतं तिथून हर्सूल ओलांडून लोक दर्यावर्दी व्हायला येत होते, उन्हात रांगा लावत होते, आणि मागच्या फाटकाने गयासचा टँकर दिवसातून सहा खेपा आत येत होता. अंबिकाचं काम गर्दी वळवायचं. लाटांच्या तळ्यावर ठिपके दाटले, नकाशाचा तेवढा भाग लाल झाला, की ती सातव्या बेटावर दुप्पट मोती जाहीर करायची. कळ दाबल्यावर मिनिटभर काही व्हायचं नाही. मग एक पिवळा ठिपका सुटायचा, त्याच्यामागे दुसरा, मग पिवळ्यांच्या मागे गुलाबी, आणि सगळ्यांत शेवटी, रेंगाळत, निळे. लाल भाग फिका पडायचा. तिला त्या फिक्या पडण्याचं सुख व्हायचं. ते कुठलं सुख आहे हे तिला चार वर्षं कळलं नव्हतं, आणि कळलं ते आबांनी, तिच्या वडिलांनी, सांगितल्यावर. ते पार्कात यायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिने त्यांना वर आणलं होतं. ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. हात पाठीमागे, काठी आडवी धरलेली.

"हे कोण?"

"माणसं हायेत, आबा."

"एवढाली? आन तू काय करती हितं?"

तिने कळ दाबून दाखवली. ठिपके सरकायला लागले तसे ते वाकून बघायला लागले. "म्हंजी तू बी मेंढरंच वळती की!" कितीतरी महिन्यांनी ते हसले. "पर कुत्रं कुठंय?"

"कुत्रं नाय आबा. मोती हायेत."

"मोती? मंग हाय की कुत्रं!"

दोघं इतकी हसली की तिला दार लावून घ्यावं लागलं. त्या हसण्याचा आवाज गुरुवारी, मॅडम गेल्यावर, खोलीत पुन्हा आल्यासारखा तिला वाटला, आणि तिने शाल घट्ट ओढून घेतली. रविवार. मुकुट. दहा वर्षांचं पोर म्हणून पुढे कोण येणार होतं? सत्तरीचा, रुमाल बांधलेला, एका डोळ्यात फूल पडलेला माणूस, ज्याला कधी ती लेक आहे हे आठवतं, तर कधी ती लासूरच्या बाजारात लोकर घेणारी कुणी बाई वाटते.

फॉर्म तिने एप्रिलमध्ये भरला होता. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सुट्टीत पार्क मोफत, रोज. त्याआधी तीन महिने ती आबांना हर्सूलच्या खोलीत कोंडून कामावर येत होती. बाहेरून कडी लावायची, किल्ली खालच्या सगीराभाभीकडे द्यायची. भाभी दुपारी खिडकीतून ताट द्यायच्या, आणि संध्याकाळी अंबिकाच्या नजरेला नजर न देता सांगायच्या, "दिनभर दरवाजे से बाता करते तेरे अब्बा. उसकू समझाते, बाबा थोडा सरक, जनावरां जाने दे. मेरे से सुन्या नई जाता बेटा." तरी कडी लावणं हे बांधण्यापेक्षा बरं, असं ती स्वतःला सांगत होती. संक्रांतीला ती लासूर स्टेशनला भावाकडे गेली तेव्हा आबा मागच्या पत्र्याच्या खोलीत बाजेच्या पायाला बांधलेले होते. उजव्या घोट्यावर सुंभाचा लाल पट्टा उमटला होता. खंडेराव मोंढ्यात हमालांचा मुकादम, वाईट माणूस नव्हता तो. दोनदा रुळांवर सापडले, म्हणाला, मालगाडी थांबवावी लागली, मी कामाला जाऊ का बापामागं फिरू? तिने दाव्याची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना, मग विळीने कापली. लेकीच्या नाही, पोराच्या नाही, कुणाच्याच घरात आता ह्या माणसाला दावं लागणार नाही, असं ती वहिनीसमोर बोलून गेली. खंडेराव तेव्हा एवढंच म्हणाला, "बघू की किती दीस." तेवढ्यावर ती आबांना जीपमध्ये बसवून घेऊन आली होती. म्हणजे नोकरी गेली तर खोली जाणार होती, खोली गेली की आबा पुन्हा लासूरला, त्या बाजेजवळ. सगळं एका पट्ट्यावर टांगलेलं होतं, सहा इंची, पिवळ्या, रबरी. पिवळाच हवा होता, कारण पिवळा पट्टा पालकाशिवाय फाटकाजवळ गेला की भोंगा वाजून दांडा खाली येतो. निळ्याला तसं काही होत नाही. मोठी माणसं हरवत नाहीत असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरलं होतं. नातं या रकान्यात फक्त मुलगा आणि मुलगी होतं. तिने मुलगा निवडलं. वयाच्या रकान्यात दहा लिहिलं. नाव मात्र तिच्याच्याने दुसरं लिहववलं नाही.

पट्टा सगळ्यांत आतल्या भोकाला लावला तरी सैल. आबांचं मनगट तेवढं बारीक झालं होतं. सकाळी साडेआठला ती कर्मचाऱ्यांच्या फाटकातून त्यांना आत आणायची, पहाऱ्यावरचा कडुबा रोज उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "या पाटील! आज किती मोती?" आबा त्याला काठी उचलून दाखवायचे. मग चालायला लागायचे. डावीकडून उजवीकडे, रोज तसंच, पहिल्या बेटापासून बाराव्यापर्यंत, मग पुन्हा पहिलं. प्रत्येक शिंपल्याला हात लावून पुढे. खेळाचं त्यांना काही कळत नव्हतं, पण संध्याकाळी जाळीच्या वाघरीत मेंढरं शिरताना ते तोंडाशी उभे राहून एकेकीच्या पाठीला असाच हात लावायचे. मोजायचे नाहीत, मोजलं की कमी होतात, हात लावायचा. हाताला सगळ्या लागल्या की वाघर बंद. इथे हात लावला की टिंग वाजायचं, ते त्यांना आवडायचं. एका फेरीला वीस मिनिटं, दिवसाला सव्वीस फेऱ्या. शहरातल्या पोरांचे पाय दोन फेऱ्यांत दुखायचे. यंत्राने त्यांना पहिलं ठरवलं, यात यंत्राची काही चूक नव्हती. त्या सगळ्या पार्कात चालणारा माणूस तेवढाच होता. वरून, खोलीतून, अंबिका तो ठिपका पाहायची. चारशे ठिपक्यांत तो लगेच ओळखू यायचा, कारण बाकीचे भरकटायचे आणि हा गोल फिरायचा, सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा. कामावर बसून बापाला असं दिवसभर डोळ्यांसमोर ठेवणं तिला लहानपणी कधी मिळालं नव्हतं. दिवाळी झाली की ते कळप घेऊन गोदाकाठी उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे, आणि ती गंगापूरच्या वसतिगृहात. एकदा कळप वसतिगृहापुढच्या रस्त्याने गेला. आबा फाटकाशी येऊन उभे राहिले, अंगाला ओल्या लोकरीचा वास, आणि मैत्रिणी नाक धरून हसल्या म्हणून ती न्हाणीघरात जाऊन बसली. ते तासभर उभे होते असं नंतर बाईंनी सांगितलं. मेंढरं तासभर रस्त्यावर अडवून धरणं सोपं नसतं. हे तिला आता, पडद्यासमोर, रोज थोडं थोडं आठवायचं, आणि ती सातव्या बेटावर दुप्पट मोती जाहीर करायची.

शुक्रवारी सकाळी फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली, तिने त्यांचे दोन्ही खांदे धरले. झाड पार्कच्या टोकाला होतं, लाटांच्या तळ्यापलीकडे. तिथे बेट नव्हतं, कॅमेराही नव्हता. ठिपके असताना प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरे कशाला, असं मॅडमच्या वरच्यांनी ठरवलं होतं.

"आबा, आज फिरायचं नाय. हितं बसायचं. एका जागी."

"आन मेंढरं?"

"ती काय समोर हायेत. पाण्यात."

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, पोरांची डोकीच डोकी, भोंगा, किंचाळ्या. "ते पाणी पीत न्हाईत ती. औषीद हाय त्यात. म्या चाखलं काल."

"आबा, माझी शपथ हाय. कळपाला सोडून हलायचं नाय. आज आन उद्या, दोनच दीस."

ते तिच्याकडे बघत राहिले. लेक म्हणून की लोकरवाली म्हणून, तिला कळलं नाही. मग म्हणाले, "बरं. नाय सोडत." कबूल करताना त्यांनी काठी जमिनीवर एकदा टेकवली. तिचा बेत साधा होता. आज मोती मिळाले नाहीत की नाव फलकावरून उतरेल, उद्या नाही मिळाले की मॅडम विसरतील, रविवारी दुसरं कुणी पोर मुकुट घालेल. पार्कात रोज नवी पोरं येतात.

आणि ठिपका हलला नाही. दहा वाजता हलला नाही, बाराला थोडा हलला, सावली सरकली असेल, मग पुन्हा थांबला. ती जेवायला खाली गेली तेव्हा लांबून पाहिलं, ते झाडाला टेकून भाकरी खात होते. दोन वाजल्यापासून तर ठिपका खिळा ठोकल्यासारखा. अंबिकाला इतकं हलकं वाटलं की तिने शाल काढून ठेवली. ऐकलं त्यांनी. डोक्यात सगळं विरघळत चाललेल्या माणसाने आपली एक गोष्ट धरून ठेवली. यादीत मुंजाबाचं नाव दिवसभर आलंच नाही. चारच्या सुमाराला तिला दिसलं की त्या पिवळ्या ठिपक्याभोवती आणखी दोन पिवळे ठिपके आले आहेत. मग पाच. मग नऊ. काही जात होते, नवे येत होते. पोरं जमलीत आबांभोवती, गोष्ट सांगत असतील, लांडग्याची, गोदेच्या पुराची. तिला न सांगितलेल्या गोष्टी असतील. सव्वापाचला पार्क बंद होण्याची सूचना तिनेच दिली आणि जिना उतरून, लाटांच्या तळ्याला वळसा घालून, ती जवळजवळ धावतच निघाली, कारण तिला ते बघायचं होतं.

झाडाखाली पोरांची रांग होती. अंगावरून पाणी निथळणारी, ओठ निळे पडलेली सात-आठ पोरं, एकामागे एक. रांगेच्या टोकाला आबांची काठी जमिनीत रोवलेली होती. तिच्यावर आबांचा सदरा, बाह्या लोंबत्या, वर रुमाल गुंडाळून डोकं केलेलं. एका बाहीच्या टोकाला पिवळा पट्टा अडकवलेला. पुढचा मुलगा आपलं मनगट त्या पट्ट्याला टेकवत होता, पुन्हा टेकवत होता, बाहीला, मग रुमालाला.

"काकू, याचं टिंग वाजत नाहीये," तो म्हणाला. "बिघडलंय."

"नवीन बेट आहे का हे?" मागची एक मुलगी म्हणाली. "किती मोती आहेत याला?"

अंबिका त्या सदऱ्यासमोर उभी राहिली. तिला ते माहीत होतं. माहीत होतं हे आत्ता, या क्षणापर्यंत, माहीत नव्हतं. कायगावच्या अलीकडे, नदीच्या पात्रात, ती पाच वर्षांची असताना: पाणी आटलेलं, मेंढरं जीभ काढून बसलेली, आणि आबांनी काठी रोवून तिच्यावर घोंगडी टाकली, वर पटका ठेवला. मेंढराला लांबचं नीट दिसत नाही. धनी उभा आहे असं वाटलं की कळप जागा सोडत नाही. तेवढ्यात धनी पुढे जाऊन, कोरड्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, उकरून पाणी हुडकून येतो. मेंढरांबरोबर तीही फसली होती. अर्धा दिवस ती त्या घोंगडीजवळ बसून बोलत होती, बाहुलीचं सांगत होती, आणि आबा उत्तर का देत नाहीत म्हणून रुसली होती. कळपाला सोडून हलायचं नाय, तिने शपथ घातली होती. शपथ त्यांनी पाळली होती. कळप तहानलेला होता, तेही त्यांनी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायची त्यांच्याकडे एकच रीत होती.

(फाटकावरच्या नोंदी नंतर काढल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी बनियन-धोतरातला एक म्हातारा कर्मचाऱ्यांच्या फाटकातून बाहेर पडला. मनगटाला पट्टा नव्हता, म्हणून भोंगा वाजला नाही. कडुबाची पाळी दोनला संपली होती. एजन्सीच्या नव्या पहारेकऱ्याला तो माळीकाम करणारा वाटला. "मला म्हनले, आलोच. मी म्हनलं, या बाबा.")

तिने मूल हरवल्याची कळ दाबली. दुसरी कळ नव्हतीच. पार्कातल्या तीस पहारेकऱ्यांच्या फोनवर एकाच वेळी आलं: मुंजाबा, मुलगा, वय दहा. फाटकं बंद झाली. लाटा थांबवल्या. तळ्यात माणसं उतरली, तळ तपासायला लागली. घसरगुंड्यांच्या नळ्यांत टॉर्च मारले. काठावर कुणाच्या तरी आया आपापल्या पोरांना छातीशी धरून रडायला लागल्या. "कपडे कोणते होते? चड्डी कोणत्या रंगाची?" वॉकीटॉकीवर विचारत होते. अंबिका ऐकत होती. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. ते बोललं की नोकरी जाणार होती, आणि त्यामागून खोली, आणि शेवटी ती पत्र्याची खोली, ती बाज. आणि अजून ते सापडतील, असंही वाटत होतं. फाटकाबाहेरच्या रसवंतीवर बसलेले असतील, आत्ता कुणीतरी हाताला धरून आणेल, मग हळूच पट्टा बांधायचा आणि म्हणायचं, सापडला. ती तळ्याच्या काठावर उभी राहून दहा वर्षांच्या मुलाला शोधणाऱ्यांकडे पाहत राहिली. पाण्यात त्यांची बोटं तळाच्या निळ्या फरश्यांवरून फिरत होती. वीस मिनिटं. ही वीस मिनिटं पुढे तिने कितीदा मोजली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टरांना वीस मिनिटं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग प्रांजली मॅडम सँडल हातात घेऊन पाण्यातून चालत आल्या आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबल्या.

"अंबिका, तू ओळखतेस का त्याला?"

"माझे वडील आहेत."

मॅडमना आधी कळलं नाही. मग त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, वय दहा, आणि तिच्याकडे पाहिलं. ओरडतील असं तिला वाटलं होतं, ओरडायला हव्या होत्या. "चपला घाल," त्या एवढंच म्हणाल्या. "माझी गाडी मागे आहे."

अंधार पडेपर्यंत त्या दोघी फिरत होत्या, जळगाव रस्त्याने वर, मग आत, डांबरी संपून मातीचे रस्ते लागेपर्यंत. रस्त्यात भेटेल त्याला विचारत होत्या: बनियन-धोतरातला म्हातारा, काठी नाही, डोक्याला काही नाही. अंबिका काठी घेऊन आली होती. ती मागच्या सीटवर आडवी ठेवली होती, सदरा तसाच तिच्यावर. मॅडम मध्येच म्हणाल्या, "माझ्या आजीला आम्ही..." आणि त्यांनी गाडीचे दिवे लावले. कुणीतरी सांगितलं, दुपारी एक जण सोलरच्या पत्र्यांच्या कडेने पूर्वेला चालला होता, ताठ, घाई असल्यासारखा. त्या बेचाळीस अंश उन्हात घाईने. पूर्वेला नुसते पडीक माळ, अर्धवट उभ्या इमारती, प्लॉटचे पांढरे दगड. जिथे तिथे पाटी: निसर्गाच्या कुशीत घर.

शनिवारी सकाळी साडेसातला गयासचा फोन आला. तो टँकर भरायला त्या बाजूच्या विहिरीवर निघाला होता. पाझर तलावाच्या पाळीवरून त्याला दिसलं. तलाव फेब्रुवारीतच कोरडा पडला होता. "बाई, तुम आओ," तो म्हणाला, आणि आणखीही काहीतरी बराच वेळ सांगत राहिला, पण तिच्या कानात फक्त टँकरच्या इंजिनाची घरघर येत होती. तो इंजिन बंद करायला विसरला होता. ती पोचली तेव्हा गयासने आबांच्या अंगावर स्वतःची लुंगी पांघरली होती आणि त्यांचं तोंड सावलीत येईल असा तो उन्हाकडे पाठ करून उभा होता. किती वेळ तसा उभा होता कुणास ठाऊक, त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. "मैं पानी लाया था," तो म्हणाला, "लेकिन."

माती लासूरला झाली. खंडेराव लोकांना कुठे बसायचं ते दाखवत राहिला. तिसऱ्या दिवशी, पाहुणे उठून गेल्यावर, तो पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. बाज उभी करून भिंतीला लावलेली होती. अंबिका समोर उभी होती, काहीतरी म्हणावं म्हणून.

"म्या बांधलं व्हतं," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "व्हय, बांधलं व्हतं. पर जित्ता व्हता."

अजूनही, कधी बसमध्ये, कधी भाजी निवडताना, ती त्या उंबऱ्यासमोर पुन्हा उभी राहते आणि उत्तराला सुरुवात करते. तीन आठवडे ते चालले, दादा. दिवसाला सव्वीस फेऱ्या चालले. एकदा हसले. मग पुढे ते वाक्य येतं आणि सगळं तिथेच अडतं. जित्ता व्हता. खरं आहे. आणि ठिपका हलत नव्हता तेव्हा मी सुखात होते, हे तर तिने कुणालाच सांगितलेलं नाही, सगीराभाभीलाही नाही. तीन तास ती एका सदऱ्याकडे बघत होती आणि तो सदरा तिला आज्ञाधारक वाटला होता. शांत बसलेला बाप हवा होता तिला. खंडेरावला तरी दुसरं काय हवं होतं? दावं आणि शपथ, दोन्हींच्या गाठी तिने हाताने चाचपून पाहिल्या आहेत, आणि कुठली जास्त घट्ट होती ते तिला सांगता येत नाही.

नोकरीवरून तिला कुणी काढलं नाही. मॅडमनी वर काय लिहून पाठवलं माहीत नाही. बदली तिकिटांच्या खिडकीवर झाली, पगार तोच राहिला. म्हणजे त्या वीस मिनिटांत तिला ज्याची भीती होती तेही झालं नाही. जूनमध्ये वरच्या खोलीतून महिन्याचा अहवाल गेला. त्यात असं निघालं की दहा मे रोजी, दुपारी चार ते सव्वापाच, पार्कातल्या ज्या जागी काहीच नव्हतं तिथे मुलं सरासरी अकरा मिनिटं थांबली. कुठल्याच बेटावर ती इतकी थांबत नाहीत. कारण कुणी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत कडुलिंबाखाली तेरावं बेट उभं राहिलं. फायबरचा माणूस, हातात काठी, डोक्याला लाल फेटा. पट्टा लावला की तो मान हलवतो आणि तीन मोती देतो. पोरांना फार आवडतो. फाटकाजवळच्या तिच्या खिडकीतून तो दिसत नाही, पण दुपारच्या वेळी लाटा थांबल्या की टिंग ऐकू येतं, आणि एखादं पोर त्याच्याशी काहीतरी बोलत असतं.

गयास तलावाच्या पाळीवरून खाली उतरला तेव्हा आबांच्या उजव्या हाताशी त्यांनी नखांनी उकरलेला कोपरभर झिरा होता, आणि त्याला पाणी लागलेलं होतं.